घाम फुटणारं कार्ड

मॅचच्या दिवशी कार्डवाल्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. शटर अर्धं खाली, खिडक्या बंद, कोपऱ्यात विजेची किटली सतत उकळत असलेली, आणि टीव्हीकडे चक्क पाठ करून उभी असलेली तोबा गर्दी. मॅच बघायला आलंय कोण! सगळ्यांचे डोळे काउंटरवरच्या एका कार्डावर खिळलेले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. फुटबॉल खेळाडूंचे फोटो असलेली जाड कार्डं मुलं जमवतात, आणि मुलांपेक्षा त्यांचे बाप जास्त जमवतात. महागड्या कार्डांत मधोमध खिडकी कापून खेळाडूच्या जर्सीचा टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा बसवलेला असतो. या कार्डातला तुकडा म्हणे एका नामवंत गोलकीपरच्या शेवटच्या फायनलच्या जर्सीचा होता. लोक त्याला ‘कुलूप’ म्हणायचे, कारण बॉल त्याच्या गोलात जायचाच नाही. बिचारा वारला त्याला बरीच वर्षं झाली. पण मॅच सुरू झाली, कार्डवाल्याने डबीतून कार्ड बाहेर काढलं, की या तुकड्याला घाम फुटायचा.

“बघा, बघा! कुलूपराव जागे झाले!” कार्डवाला ओरडायचा. “शरीर गेलं, पण ड्यूटी सोडली नाही! सांगा काका, असा कर्मचारी आहे का तुमच्या ऑफिसात?”

तुकड्यावर खरोखरच बारीक थेंब चमकायचे. तो ते कापसाच्या बोळ्याने टिपायचा आणि लोकांना लावायचा. बसच्या ड्रायव्हरने कंबर पुढे केली. औषधाच्या दुकानदाराने तर गुडघ्याला लावून घेतलं. घरचे मलमांचे ढीग सोडून हा मनुष्य एका चिंधीपुढे पाय उघडा करून उभा! मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यातला निम्मा जन्म फुकट गेला असं मला त्या क्षणी वाटलं.

कार्डाच्या मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलं होतं, की आतलं कापड कोणत्याही ठरावीक सामन्यातलं नाही. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

“मॅडम, ते वकिलांसाठी असतं,” कार्डवाला म्हणाला. “घाम भक्तांसाठी असतो!”

सगळे हसले. माझा दादाही हसला. तो किती दिवसांनी हसला होता! म्हणून मी कार्ड परत काउंटरवर ठेवलं.

मी तिथे गेले होते ती दादासाठीच. वहिनी आधीच गेली, आणि मग दादाचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, चार दिवसांच्या तापात गेला. कारखान्याच्या संघाचा गोलकीपर होता तो. मोठं नाव वगैरे काही नाही, पण दादाने त्याची एकही मॅच चुकवली नाही. आता दादाच्या घरात गेलं, की ओट्यावर एकच कप पालथा घातलेला दिसायचा. टीव्ही दिवसभर चालू, आवाज मोठा, आणि दादा दुसऱ्याच खोलीत. “घरात कोणीतरी बोलत असावं,” म्हणायचा. माझं घर दोन गल्ल्यांवर. तिथेही एकच कप, फक्त मी टीव्ही लावत नाही एवढाच फरक.

दाराच्या खुंटीवर भाच्याची जर्सी टांगलेली. शेवटच्या मॅचनंतर त्याने काढून ठेवली तशीच. मी एकदा धुवायला उचलली, तर दादाने माझ्या हातातून ओढून घेतली. “चिमे, त्यात त्याचा घाम आहे.”

आणि त्या मॅचनंतर दादा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चेहरा उजळलेला. म्हणाला, “कार्डवाला पोराचं कार्ड काढून देतोय गं. जर्सी द्यायची, तो कापून तुकडा बसवणार. मग मॅच लागली, की आपल्या पोरालाही घाम फुटेल. तो जागा होईल, चिमे.”

“आणि बाकीची जर्सी?”

“ती तो ठेवून घेणार म्हणे.”

कुलूपरावाच्या जर्सीचे तुकडे कुठून पैदा होतात, ते मला तेव्हा उमगलं. अशाच लोकांच्या जर्सी कापून तो त्या कुलूपरावाच्या म्हणून खपवत असणार. पण दादाला नुसतं ‘फसवतोय’ म्हणून चालणार नव्हतं. त्याला ते दुकान हवं होतं. तिथे त्याला लोक ‘या काका’ म्हणत, चहा देत, सरकून जागा करत. ते तरी दुसरं कोण करत होतं?

दादा गेल्यावर भांडी घासायला बाही वर सारली, तर माझं लक्ष हाताकडे गेलं. कार्डवाल्याने माझ्याही मनगटावर कौतुकाने थेंब टेकवला होता. केव्हाचा तो, अजून ओलाच! पंख्याखाली हात धरला, फुंकर मारली, छे! चिकट, तेलकट, वाळायचं नाव नाही. घाम असा असतो? मी कपाट उघडलं. कपड्यांना दमट वास लागू नये म्हणून पांढऱ्या खड्यांची डबी ठेवते मी. खडे हवेतलं पाणी ओढून ओढून स्वतःच विरघळतात. तळाशी साचलेलं पाणी बोटावर घेतलं. तेच! तस्संच चिकट!

पुढच्या मॅचला दादा पिशवीत जर्सी घेऊन आला. कार्डवाल्याने काउंटरवर कात्री काढूनच ठेवली होती.

“थांबा,” मी म्हणाले. “कापण्याआधी जर्सी आज कार्डाशेजारी टांगू. घाम फुटतो का बघू.”

“अहो मॅडम, आधी ती कार्डात बसवावी लागते, त्याची एक पद्धत असते...”

“का? कुलूप काय कार्डात बसून गोल अडवायचा?”

लोक फिदीफिदी हसले. “टांगा की!” ड्रायव्हर म्हणाला. “आम्हालाही बघू दे!”

जर्सी टांगली गेली. मॅच सुरू झाली. किटली उकळू लागली, काचांवर वाफ धरली. हळूहळू कार्डातला तुकडा चमकला, ओला झाला, मध्यंतरापर्यंत चक्क ठिबकायला लागला. दादा जर्सीपाशी उभा होता. बोटांनी बाही चाचपायचा, कॉलर चाचपायचा, पुन्हा बाही. जर्सी कोरडीच होती.

“फुटला का काका?” कोणीतरी विचारलं. दादाने नाही म्हणून मान हलवली. तेवढंसं हलवणंही मला बघवेना.

कार्डवाला कोंडीत सापडला होता. “राग मानू नका काका,” तो म्हणाला. “पोरगा गुणी असेल, पण शेवटी तेवढ्या तोलामोलाचा नव्हता ना!”

माझं मस्तकच फिरलं. मॅच लागताना मी किटलीशेजारी एक बशी ठेवली होती, ती उचलून काउंटरवर आपटली. बशीत चिंधी होती, आणि चिंधीतून पाणी निथळत होतं.

“हे माझ्या ओट्यावरचं फडकं! यानं कुठली फायनल जिंकली, विचारा याला! घ्या, लावा कंबरेला!” मी म्हणाले. “कपाटात ठेवायचे खडे पाण्यात विरघळवले, त्यात फडकं बुडवलं, तव्यावर कोरडं केलं आणि हवाबंद डबीत ठेवलं. डबी उघडली, की ते हवेतलं पाणी पिऊ लागतं. म्हणून याचं कार्ड एरवी डबीत असतं. म्हणून खिडक्या बंद, म्हणून किटली! अहो, तुमच्याच श्वासातलं पाणी तुम्हाला प्रसाद म्हणून लावतोय हा!”

कार्डवाला काहीबाही पुटपुटला. पण सगळे दादाकडे बघत होते. त्याने जर्सी उतरवली आणि छातीशी धरली.

“माझा पोरगा घामाघूम होऊन यायचा,” तो हळूच म्हणाला. “जर्सी दाराला टांगायचा. सकाळपर्यंत वाळलेली असायची.” मग कार्डवाल्याकडे वळून म्हणाला, “खरा घाम वाळतो रे. ठेव ती कात्री आत.”

गर्दी पांगली. औषधवाला जाता जाता म्हणालाच, “पण माझा गुडघा थांबला होता हं!” थांबला असेल. चार माणसांनी चौकशी केली, की दुखणं थोडं थांबतं. त्यासाठी चिंधीला घाम फुटायला लागत नाही.

माझं सांगणं एवढंच. कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी खिडकी उघडायला लावा. डबीत काय आहे ते विचारा. आणि जो तुमच्या दुःखाचा तुकडा कापून मागतो, त्याच्या हातात जर्सी देऊ नका.

रस्त्यात दादाने जर्सीची घडी घालून पिशवीत ठेवली. मग म्हणाला, “आता मॅचच्या दिवशी कुठे जाऊ मी?”

“माझ्याकडे ये,” मी म्हणाले. “टीव्ही आहे. धूळ खातोय.”

“तुला ऑफसाइडसुद्धा कळत नाही.”

“मग शिकव की.”

घरी आल्यावर मी ओट्यावर दुसरा कप काढून ठेवला.