माझ्या जुळ्या बहिणीवरचा आळ

"प्लास्टिक काढू नका रे! नवं आहे तोवर नवंच राहू दे."

या घरातल्या आईचा हा आवाज माझ्या अंगात मुरलेला आहे. मित्रांनो, मी एक जुनी रॅमची पट्टी आहे. संगणक काम करतो तेव्हा त्याला लागेल ते हाताशी धरून ठेवणारी, हिरव्या अंगाची, चपटी. मला एक जुळी बहीण होती. एकाच कारखान्यात घडलो, एकाच डबीत शेजारी निजून या घरी आलो.

आई शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायची. सकाळी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची आणि मगच बटण दाबायची. "इतकी वर्षं झाली, माझं एक अक्षर या संगणकाने सांडलं नाही," असं ती शेजारणीला सांगायची, तेव्हा आम्ही दोघी आतल्या आत फुलून यायचो.

आईला एकच खोड. या घरात रिमोट पिशवीत असतो. फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक फुगे धरून बसलं आहे. वजनकाट्यावरच्या प्लास्टिकमुळे आकडा दिसत नाही. "बरंच आहे, सुखी आहोत," असं ताई म्हणते.

पुढे जुना संगणक दमला. दादाने नवे भाग आणून जेवणाच्या टेबलावर नवा संगणक जुळवला. "रॅम जुनीच घालू, खणखणीत आहे," असं म्हणून त्याने आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. मग प्रोसेसरवर, म्हणजे संगणकाच्या मेंदूवर, बसवायचा पंखा हातात घेतला. त्या पंख्याच्या बुडाला धातूचा ठोकळा असतो, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा. त्यावर एक पातळ प्लास्टिक चिकटवलेलं होतं. ते सोलूनच पंखा बसवायचा असतो. पण या घरात वाढलेली बोटं ती! प्लास्टिकसकट पंखा बसला.

संगणकात कामाची प्रणाली भरणारा सेटअप सुरू झाला आणि निम्म्यावर थिजला. बाण हलेना, अक्षर उमटेना. दादाने बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"काय रे दादा, तुझा संगणक समाधीला बसला का?" ताईने विचारलं.

"गप गं. बाकी सगळं नवं आहे. जुनं काय आहे? या दोन पट्ट्या. यांच्यातलीच एक बिघडली असणार."

का? जुनं आहे एवढ्यावरून? शेजारी प्रोसेसर भाजून निघत होता, त्याची धग आमच्या अंगाला लागत होती. देवाने मला जीभ दिली असती तर मी तेव्हाच ओरडले असते.

दादाने माझ्या बहिणीला उपटून काढलं, जेवण केलं आणि मग संगणक लावला. तेवढ्या वेळात प्रोसेसर निवला होता, म्हणून सेटअप थोडा पुढे सरकला. दादा टाळी वाजवून म्हणाला, "सापडला चोर!" खाली भंगारवाला हाका मारतच होता. जुन्या वायरींच्या पिशवीत माझी बहीण गेली, आणि पिशवी जिन्यावरून गेली.

मित्रांनो, गुन्हेगाराला सुद्धा आधी विचारतात. तिला कोणी काही विचारलं नाही!

थोड्या वेळाने पडदा पुन्हा थिजला.

"हीसुद्धा गेली वाटतं," म्हणत दादाने मलाही उपटलं आणि टेबलावर टाकलं. संतापाने माझी सोनेरी कड जळत होती.

आई हात पुसत आली. "हे काय आहे?" तिने पंख्याखालच्या ठोकळ्याला बोट लावलं.

"आतला प्रोसेसर तापतो ना, त्याची उष्णता हा ओढतो."

"मग हा गार कसा?"

दादा पुढे वाकला. त्याने पंखा उचकटला. खाली ते प्लास्टिक, आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'आधी काढा.' ताई हसत सुटली. आई हसली नाही.

"हे माझ्याच शिकवणुकीचं फळ," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि ती दुसरी पट्टी रे?"

"भंगारात दिली."

"दोष नसताना?"

"नवी आणून देतो ना, आई."

"नवी नको. जिला घालवलंस तिलाच आण."

"आणतो," दादा म्हणाला. "नक्की."

प्लास्टिक सोललं, पंखा बसला, मी माझ्या जागी गेले. सेटअप एकदाही न अडखळता शेवटाला पोचला. ताईने टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची खाच मात्र रिकामी होती.

मित्रांनो, काही बिघडलं की सगळ्यात जुन्याकडे बोट दाखवू नका. आधी आपल्या हातून काय राहिलं ते पाहा. निर्दोष जिवाला घराबाहेर काढायला क्षण पुरतो. परत आणायला मात्र दारोदार फिरावं लागतं, आणि ते कोणी करत नाही, असंच मला वाटत होतं.

आई टाइप करायला बसली. ताई नव्या पडद्यावर कोणतं चित्र लावायचं यावर वाद घालत होती. दादाने पायांत चपला सरकवल्या, दार अलगद ओढून घेतलं, आणि भंगारवाल्याच्या दुकानाकडे निघाला.