आखूड पायाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि माझा एक पाय जन्मतःच आखूड आहे. निदान उचगावात तरी सगळे असंच समजत आलेत. मीही समजत होते.

भरमू सुतारानं मला फणसाच्या लाकडातून घडवलं आणि गावच्या वाचनालयात आणून ठेवलं. ठेवल्याबरोबर मी डुगडुगले. पाय सारखे आहेत, असं भरमू पुन्हा पुन्हा माप घेऊन सांगत होता; लोकांनी त्यालाच चष्मा घ्यायला सांगितलं. माझ्या पायाखाली वर्तमानपत्राची घडी आली. सीमाप्रश्न लवकरच सुटणार, ही बातमी मी इतक्या वेळा दाबून धरली आहे की तो न सुटण्यात माझाही थोडा हात, म्हणजे पाय, असावा.

मग शाळकरी भैरवी आली. तिचे पाय जन्मापासून चालत नाहीत. वाचनालयाला तीन पायऱ्या. तिचा चुलतभाऊ नागेंद्र आणि त्याचे मित्र तिला माझ्यावर बसवून वर न्यायचे. लंगड्या खुर्चीवर लंगडी, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. भैरवी हसली नाही, तिनं पुस्तक मागितलं. मला मात्र आपण पालखी आहोत असं वाटू लागलं.

उचलताना नागेंद्र दर वेळी म्हणायचा, "नवी इमारत झाली की तुला पायऱ्यांऐवजी उतार करतो गं." तिनं ते खरं मानलं. पुढं ती बेळगावला कॅम्पातल्या एका शाळेत शिकवू लागली. वाचनालयाची इमारत मंजूर करून घ्यायला नागेंद्र तिला बेळगावच्या कचेऱ्यांत पुढं बसवायचा. तिला बघून साहेब लोक विरघळतात, हे त्याला ठाऊक होतं.

इमारत झाली आणि तिला सात पायऱ्या झाल्या. चकचकीत ग्रॅनाइटच्या. उतार केला तर दर्शनी बाजू बिघडते, असं ठरलं होतं. मागं मात्र एक उतार केला, जनरेटर कोठीत ढकलायला. जनरेटरला पायऱ्या चढता येत नाहीत, हे सगळ्यांच्या लगेच लक्षात आलं होतं.

उद्घाटनाला 'जिद्दीची भैरवी' म्हणून तिचा सत्कार ठेवला. मला पॉलिश झालं. पायऱ्यांसमोरच्या नव्या काँक्रीटच्या रस्त्यावर मला ठेवलं आणि ती आपल्या तीनचाकी गाडीवरून माझ्यावर सरकली. बिल्ले लावलेले चार कार्यकर्ते वाकले.

"उचलायचं न्हाय," भैरवी म्हणाली.

"अगं, लहानपणापासनं उचलतोय की," नागेंद्र म्हणाला. "वर साहेब थांबल्यात. आता तुझं पायच तसं, त्याला मी काय करू?"

"माझं पाय जन्मापासनं असं हैत, अण्णा. पायऱ्या तुम्ही औंदा केल्यासा."

कार्यक्रम थांबला नाही. वर तिचा फलक होता. त्यावरच्या फोटोला शाल गुंडाळली, हार घातला, टाळ्या वाजल्या. एकदोघांनी सवयीनं डोळे मिटून हातही जोडले. जिवंत बाई खाली बसून ते बघत होती.

खरं सांगते, मला तिचाच राग आला. पॉलिश वाया गेलं होतं. मी रागानं डुगडुगायला गेले, तर डुगडुगताच येईना. त्या सपाट रस्त्यावर माझे चारही पाय टेकले होते, आणि खाली घडीबिडी काही नव्हती. भरमूचं माप बरोबर होतं. वाकडी होती ती जुन्या वाचनालयाची फरशी. तिच्यापायी जन्मभर मी बोल ऐकले आणि फरशी गप्प राहिली.

आता रोज संध्याकाळी भैरवी आणि मी उतार मागत त्या पायऱ्यांसमोर असतो. बोरगावहून मंगल कुबड्या टेकत येते, आणखीही येतात. नागेंद्र आम्हाला चुकवून मागच्या जनरेटरच्या उतारावरून आत जातो.

मित्रांनो, एकच मागणं. कुणी डुगडुगताना दिसलं तर घडी घेऊन धावू नका, आधी खालची फरशी तपासा. आणि आम्हाला उचलायला तर येऊच नका. परवा नागेंद्र काळजीनं म्हणाला, बाहेर राहून खुर्चीचं लाकूड फुगेल.

फुगू दे. चारही पाय सारखेच फुगतील.