कोरडा खांब

इशिता खांबावर उलटी लटकलेली पाहून उत्तमराव दारातच थबकले. लेक डबा विसरली म्हणून ते जेसल पार्कच्या हॉलवर आले होते. ती बॅले शिकते हे त्यांना ठाऊक होतं. ते गुलाबी बूट त्यांनीच कुलाब्याहून शोधून आणले होते. आता तेच बूट छताकडे होते, डोकं जमिनीकडे, अंगात आखूड चड्डी आणि मध्ये चकचकीत स्टीलचा खांब.

"हे काय थेर चाललेत?"

इशिता सरकन खाली उतरली. "बाबा, बॅले आणि पोल मिक्स करतोय आम्ही. रविवारी शो आहे. या ना बघायला."

"सरकारने डान्स बार बंद करून तीन वर्षं झाली, आणि आता ते माझ्या घरात? मी जन्मभर मल्लखांब शिकवला तो याच्यासाठी?"

उत्तमराव पोस्टातले निवृत्त कारकून, पण त्यांचा जीव सगळा गोडदेवच्या मैदानातल्या मल्लखांबात. इशिता पाचव्या वर्षी त्याच्यावरच पहिल्यांदा चढली होती. त्यांनी तिच्याशी अबोला धरला.

शनिवारी मनोरमाबाई लेकीच्या दंडाला हळद लावत होत्या. दंडाची साल निघालेली, मांड्या काळ्यानिळ्या. उत्तमरावांनी ते दारातून पाहिलं.

"कोरड्या खांबावर चढवतात पोरीला," ते बायकोला म्हणाले. "पूजा नाही, तेल नाही. माणसं आहेत की कोण!"

रविवारी ते सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर. "लडकी का बाप हूँ, खंबे की पूजा करनी है," असं वॉचमनला सांगून आत शिरले. खांबाला कुंकू लावलं, डोकं टेकलं आणि स्टुलावर चढून वरपर्यंत एरंडेल चोळलं, मल्लखांबाला चोळतात तसं. मन कसं हलकं झालं. मग ते तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

इशिता चवड्यांवर गिरक्या घेत आली. उत्तमराव बघतच राहिले. सुंदर नाचत होती पोरगी! मग तिने झेप घेऊन खांब उंचावर धरला, आणि पुढच्याच क्षणी धाडकन खाली आदळली.

इशिताने मनगट पोटाशी धरलं, दुसरा तळवा नाकाशी नेला. तो वास ती पाचव्या वर्षापासून ओळखत होती. तिची नजर थेट तिसऱ्या रांगेत गेली.

उत्तमराव स्टेजवर चढले. त्यांनी नवा शर्ट काढला आणि भरल्या हॉलसमोर, नुसत्या बनियनवर, ते खांब पुसू लागले.

"बाबा, हा कोरडाच लागतो. आम्ही कातडीने धरतो."

"साल निघाली होती गं तुझी. मला वाटलं..."

तिचं मनगट सुजत चाललं होतं. कोणीतरी रिक्षा आणायला धावलं. "राहू दे बाबा, चला," इशिता म्हणाली. ते पुसतच राहिले. कुंकू पहिल्याच हाताला निघालं, शर्ट तेलाने माखला. खांब मात्र तसाच चकाकत होता.