गुरुवारची बाटली

नायट्रोजनचे पाच अणू एका साखळीत जोडल्याची बातमी मी १९९९च्या उन्हाळ्यात वाचली, चार महिने उशिरा पोचलेल्या मासिकात. हे अणू सुटून जोडीजोडीने वायू व्हायला इतके उतावीळ असतात, तरी कुणीतरी त्यांचा धन आयन करून क्षारात बसवला होता. तोही जरासाच, कडाक्याच्या थंडीत, कधी फुटेल याचा भरवसा नसलेला. डिसेंबरात कॉलेजच्या विज्ञान मंडळात मी यावरच बोलायचं ठरलं.

व्याख्यानाच्या पंधरा दिवस आधी, एका गुरुवारी, चांदीच्या आरशाचा प्रयोग होता. तास संपला तेव्हा चांदीचं अमोनियातलं द्रावण अर्धी बाटली उरलं. आमचा प्रयोगशाळेतला शिपाई केरू ते टाकायला निघाला.

"राहू दे," मी म्हटलं. "उद्या दुसरी बॅच आहे."

"बाई, तुमीच सांगता ना, ताजं करायचं नि उरलं की टाकायचं?"

"एका दिवसात काय होतंय? चांदी आहे ती."

आमच्या घरी आमटीतली आमसुलं काढून दुसऱ्या दिवशी सारात घालतात. माझा हात टाकायला वळतच नाही.

शुक्रवारी संस्थेच्या एका जुन्या संचालकांचं निधन झालं म्हणून सुट्टी मिळाली. शनिवार-रविवारही गेले. बाटली मी विसरले.

सोमवारी केरूने ती उचलली. जाड पुस्तक पडावं तेवढाच आवाज झाला. काचा त्याच्या डाव्या तळव्यात आणि भुवईत घुसल्या. बाटलीच्या बुडाशी काळा साका धरला होता, चांदी आणि नायट्रोजनचा. तो असा जमतो आणि नुसत्या धक्क्याने फुटतो, हे दरवर्षी मीच फळ्यावर लिहिते.

"बाटली ठेवली कुणी?" प्राचार्यांनी विचारलं.

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

"माझ्याच ध्यानातून गेली, साहेब," केरू म्हणाला.

त्याने उजव्या हाताने जबाबावर सही केली. केरू अकरा वर्षं हंगामी होता. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव टेबलावरच होता. प्राचार्यांनी तो खणात सारला. "पुढच्या वर्षी बघू."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललास?"

"तुमी गप होतात. मला वाटलं, तसंच सांगायचं असंल."

व्याख्यानाला प्राचार्य पहिल्या रांगेत बसले होते. प्रोजेक्टरपाशी केरू, हाताला पट्टी. शेवटी ऋजुता नावाची विद्यार्थिनी उठली. "बाई, असला क्षार आपल्याला कधी बघायला मिळेल?"

"रत्नागिरीत?" मागून कुणीतरी ओरडलं. "इथे लाईट टिकत नाही, आयन कसला टिकतोय!"

सगळे हसले. हसणं थांबल्यावर मी म्हणाले, "पाच नायट्रोजनचा नाही, पण त्याचा एक भाऊबंद आपल्याच प्रयोगशाळेत तयार झाला होता. ती बाटली मी ठेवायला लावली. केरूने मला आधी टोकलं होतं."

प्राचार्यांनी चष्मा काढला.

दुसऱ्या दिवशी केरू एका हाताने परीक्षानळ्या धूत होता. मला बघून थांबला नाही.

"आता साहेबांनी, मी खोटा जबाब दिला म्हणून, लिहून मागितलंय."

"मी साहेबांशी बोलते."

"बोलायचं तेव्हा बोलला असतात तर एकाच सहीत भागलं असतं." त्याने नळी उजेडात धरून पाहिली. "कागद तुमीच लिहा. काय झालं ते. मी सही करतो."

मी लिहायला बसले. पहिल्या कागदात सुट्टी आली, संचालक आले, दुसरी बॅच आली. माझं नाव पाचव्या ओळीत. तो फाडला. दुसऱ्यात ते पहिल्या ओळीत घेतलं.

केरूने हात पुसून कागद दोनदा वाचला. मी पेन पुढे केलं.

त्याने घेतलं नाही.

"आधी तुमची," तो म्हणाला.