दाराबाहेर बसलेली बाहुली

तासभर खेळायचं, आणि याला म्हणे उपचार! माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. पण टिंगीच्या शाळेने स्पष्टच सांगितलं होतं: कुणी नळ सोडला की तुमची मुलगी किंचाळून शाळा डोक्यावर घेते, बरी करून आणा, नाहीतर घरीच ठेवा. सहा वर्षांची पोर! कानाचा डॉक्टर झाला, प्लंबर बोलावून घरचा नळसुद्धा बदलून झाला. ढिम्म फरक नाही.

खेळाच्या खोलीला एका बाजूनेच दिसणारी काच होती. मी पलीकडे बसून सगळं बघत, ऐकत होते. आत खेळ घेणाऱ्या ताई जमिनीवर मांडी घालून बसलेल्या. त्यांची पद्धत अशी, की काही विचारायचं नाही, मूल जे करील तेवढंच बोलून दाखवायचं. "तू खुर्ची ठेवलीस." "तू खुर्ची सरळ केलीस." एवढ्यासाठी पदव्या लागतात होय!

टिंगीला मी घरून पढवून आणलं होतं, परीक्षेला नेतात तसं. बाहुल्यांचं छोटं घर मांड, आई आणि मुलीला टेबलाशी बसव, दोघींना हसव. तिचे बाबा जाऊन चार महिने झाले तरी आमचं घर कसं खंबीर उभं आहे, हे कळू दे लोकांना. पोरीने अगदी तसंच मांडलं. मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले.

"दोघी टेबलाशी बसल्यात," ताई म्हणाल्या.

ना शाबासकी, ना पुढचा प्रश्न. टिंगी थोडा वेळ चुळबुळली. मग तिने आई-बाहुली उचलून छोट्या बाथरूममध्ये ठेवली आणि दार लावलं. "श्शऽऽ" असा पाण्याचा आवाज काढला. मुलगी-बाहुलीला तिने त्या दाराला टेकवून बसवलं.

"आई आत गेली. मुलगी बाहेर बसलीय," ताई म्हणाल्या.

"ती मोजतेय. नळ बंद होईपर्यंत."

"ती मोजतेय."

"आई आत खूप रडते. एक दिवस नळ बंदच होणार नाही. मग आईपण जाणार, बाबांसारखी."

रोज संध्याकाळी नळ पूर्ण सोडून मी बाथरूममध्ये रडत होते. माझ्या आईने बजावलं होतं, पोरीसमोर डोळ्यांतून टिपूस येऊ द्यायचा नाही. नाही येऊ दिला! कुणाला पत्ता लागत नाही म्हणून स्वतःचीच पाठ थोपटत होते मी. आणि ही रोज दाराबाहेर बसून माझ्या मरणाची वाट बघत होती. चार महिने!

ताईंनी दार उघडलं. "आत या. तिला काही समजावू नका."

मी आत गेले. हसू आणायला बघितलं, तर हुंदकाच फुटला. टिंगी पांढरीफटक पडली.

"कुठे जात नाही गं मी," कसंबसं म्हटलं. "बाबांची आठवण येते, म्हणून रडते."

ती माझ्या ओल्या गालांकडे टक लावून बघत राहिली. मग ताईंना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात तिने विचारलं, "आई, मग मी पण रडू? चालेल?"

चार महिन्यांत बाबांसाठी ती एकदाही रडली नव्हती. आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, किती समजूतदार आहे आमची टिंगी.