संत्र्याच्या ग्रुपची राखण

पांढुर्ण्याच्या संत्रा बागायतदारांचा चार हजार जणांचा मोबाइलवरचा ग्रुप भगवंतरावांनी सहा वर्षं एकट्याने सांभाळला. चुकीचा सल्ला दिसला की तो काढायला ते भरल्या ताटावरूनही उठत. ते गेल्यावर महिन्याभरातच कुणीतरी ‘औषध दुप्पट टाका’ असं लिहिलं आणि तिगावात दोन बागा करपल्या. लोक म्हणाले, रविवारपर्यंत राखण बसवा, नाहीतर ग्रुप बंद करा.

त्यांच्या मुलीने, वृषालीने, बॉट बनवायला घेतला. ग्रुपमधलेच राखणदार आठ. कुणी तक्रार केली की ज्याची वेळ त्याला बॉट फोन लावणार. त्याने उचलला नाही, तर पुढच्याला. शुक्रवारी बॉट पहिल्यांदा चालला, तेव्हा कित्येक दिवसांनी तिला सपाटून भूक लागली.

शनिवारी सकाळी तिने खोटी तक्रार टाकून पाहिली. बॉटने आठही फोन लावले. एकानेही उचलला नाही.

तिने राखणदारांपैकी लोधीखेड्याच्या प्रफुल्लला गाठलं. “दादा, कोणती वेळ जमेल असं बॉटने विचारलं, तर तुम्ही ‘केव्हाही’ लिहिलं!”

“आता काकाच्या पोरीले नाही कसं म्हनू? ट्रॅक्टरवर फवारून राहिलो होतो, घंटी कुठची आयकू येते!”

तिने यादी उघडली. आठही जणांचं ‘केव्हाही’. बाबांनी तरी कधी कुणाला नाही म्हटलं होतं?

तिने बॉटचा प्रश्नच बदलला: ‘केव्हा जमणार नाही?’ उत्तर रिकामं चालणार नाही.

मग नकारांची झुंबडच उडाली. राखणदारांमधल्या तिगावच्या केसरबाईंचा व्हॉइस मेसेज सगळ्यांना आला, “सकाळी मी गाईपाशी. दुपारभर मोकळी. अन् त्या प्रफुल्लले जेवल्यावर ठेवू नोको, घोरते तो!”

“काकू, तुम्ही आल्या होत्या का आयकाले?” प्रफुल्लने विचारलं.

“तिगावपर्यंत आयकू येते, बाप्पा!”

वृषाली खळखळून हसली. मग नववी राखणदार म्हणून तिने स्वतःचं नाव घातलं आणि पुढे जेवणाची वेळ लिहिली: संध्याकाळी सात ते आठ नाही. बॉटने कारण विचारलं नाही.

रविवारी दुपारी एक वाजता ग्रुपवर पुन्हा दुप्पट औषधाचा सल्ला आला. पाठोपाठ तक्रार. बॉटने केसरबाईंना फोन लावला. वृषालीचं बोट स्वतःच मेसेज काढायला शिवशिवत होतं. तिने हात मांडीखाली दाबून धरला. एक मिनिट. दोन. तिसऱ्या मिनिटाला मेसेज गायब! त्या जागी केसरबाईंनी लिहिलं होतं, “असं कोणी करू नका. झाडं मरतील.”

खाली धडाधड अंगठे उमटले. करपलेल्या बागेच्या मालकाने लिहिलं, “राहू द्या ग्रुप.”

वृषाली इतक्या जोरात उठली की खुर्ची मागे कोसळली.