किती वर्षं ठेवणार गाडी?

“सर, गाडी किती वर्षं ठेवणार ते आधी सांगा. विकत घ्यायची की लीजवर, ते मग आपोआप ठरतं.”

शोरूममधल्या विक्रेत्याने साधाच प्रश्न विचारला होता. गळ्यात टाय, हातात टॅबलेट, चेहऱ्यावर दिवसभर टिकणारं हसू. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आठ महिने मी हाच प्रश्न स्वतःला विचारत होतो, आणि त्याचं उत्तर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी केव्हाच देऊन ठेवलं होतं.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं गेलं. गेलं म्हणजे तिथे काळं दिसतं असं नाही. तिथे काही नसतंच, आणि काही नाही हे कळतही नाही. “गेलेलं परत येत नाही,” बाई म्हणाल्या होत्या. “थेंब घाला, राहिलेलं टिकवू. पण गाडी आजपासून बंद.” मी मान डोलावली, थेंब घेतले, खाली आलो आणि गाडी सुरू केली. कारण माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. सव्वीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय. दुसरं काही मला येत नाही. भिंतीत खिळा ठोकायला सांगितला तर बोट ठेचून घेतो.

बायकोला सांगितलं नाही. स्कूलचे फोन तीच घेते, तास तीच लावते. तिला कळलं असतं तर त्याच दुपारी तिने सगळे तास रद्द केले असते. ती तशीच आहे, सरळ. मी तसा नाही, हे मला या आठ महिन्यांत कळलं.

मी एक युक्ती काढली. शिकणाऱ्याने गाडी चालवताना जे जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. “डावीकडून सायकल. पुढे बस थांबतेय. उजवीकडे एक बाई, हातात पिशव्या, रस्त्यावर उतरेल असं वाटतंय.” याने नजर तयार होते, असं मी सांगायचो. गंमत म्हणजे खरंच व्हायची. माणसं पहिल्या फटक्यात पास व्हायला लागली. ‘सरांची बोलती पद्धत’ म्हणून नाव झालं आणि फोन घेता घेता बायकोच्या नाकी नऊ आले. मी त्यांच्या डोळ्यांनी बघतोय हे एकालाही कळलं नाही. माझ्या पायाशी माझ्या बाजूचा ब्रेक होता, आणि तो कधी दाबायचा हे मला शिकाऊ माणसं सांगत होती.

तेवढ्यावरच धंदा वाढला आणि नवी गाडी घ्यायची वेळ आली. जुनीचा क्लच शिकाऊ पायांनी पार खाऊन टाकला होता. शिवाय येणारा प्रत्येक जण विचारायचा, इलेक्ट्रिकवर शिकवता का? बायकोने महिनाभर पिच्छा पुरवला. शेवटी आज निघालो. त्यातही मी सोय बघितली. एका नर्सबाईंचा तास असा लावून घेतला की तो शोरूमच्या दारातच संपेल. बायको मागे बसली, नर्सबाई बोलत बोलत गाडी चालवत राहिल्या, मी अधूनमधून “शाब्बास” म्हणत राहिलो. शोरूमच्या पलीकडेच त्यांचं हॉस्पिटल, त्या ड्यूटीवर गेल्या.

विक्रेत्याने टॅबलेट आमच्याकडे वळवला. लीज तीन वर्षांची. शिक्षकाच्या बाजूचा ब्रेक कंपनीच बसवून देणार, पण मुदतीआधी गाडी परत घेणार नाही. विकत घेतली तर ब्रेक आपण बसवायचा, गाडीच्या तळाला भोकं पाडायची ती आपल्या जबाबदारीवर, आणि बॅटरीची हमी आठ वर्षं.

“लीजवर घेऊ,” मी म्हटलं. “बॅटरीचं काय सांगता येतं? तीन वर्षांत याहून चांगलं काहीतरी येईल.”

“अहो, उभ्या जन्मात तुम्ही कुणाची छत्री मागून आणली नाहीत,” बायको म्हणाली. “आणि आता गाडी भाड्याची?”

“छत्री वेगळी, गाडी वेगळी.”

“हे म्हणतायत आठ वर्षं आरामात चालेल. तोवर तुम्हीही साठीचे होताय. दोघं एकदमच रिटायर व्हा, मी एकच हार आणते.”

विक्रेता हसला. मीही हसलो. बायको आठ वर्षांचा हिशेब करत होती, मी तीनवर घासाघीस करत होतो, आणि खरं तर माझ्यापाशी एक दिवसही नव्हता. तीन वर्षंसुद्धा मी लबाडीनेच मागत होतो.

“एकदा चालवून बघा ना सर,” विक्रेता म्हणाला.

“त्यात काय बघायचं? सगळ्या गाड्या सारख्याच.”

बायकोने माझ्याकडे रोखून बघितलं. “सव्वीस वर्षं गाडी शिकवणारा माणूस न चालवता गाडी घेणार?”

मग नाही कसं म्हणणार? मी चालवायला बसलो, विक्रेता शेजारी, बायको मागे. गाडी सुरू झाली हेही कळलं नाही इतकी ती गुपचूप. गेल्या आठ महिन्यांत या रस्त्यावर मी एकदाही स्वतः गाडी चालवली नव्हती, आणि शेजारचा माणूस बॅटरीचं कौतुक सांगत होता.

“अगं, तू बोल ना,” मी थट्टेच्या सुरात म्हटलं. “आपली पद्धत दाखव यांना.”

“डावीकडे मोटरसायकल,” ती लगेच म्हणाली. “पुढे टेम्पो, मागचा दिवा बंद आहे. उजवीकडे कुत्रं, बसलंय.” तिला छान जमत होतं. आठ महिन्यांत मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मनात आलंसुद्धा, हिलाच रोज शेजारी घेऊन बसलं तर? पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. मग ती बोलायची थांबली. मला वाटलं, रस्त्यावर काही नसेल.

“सर!” विक्रेता किंचाळला.

मी ब्रेक दाबला. पट्टा छातीत रुतला. बॉनेटपासून हातभर अंतरावर एक म्हातारी उभी होती. काठी, राखाडी कोट, हातात औषधांची पिशवी. ती बाजूने चालत आली असणार, पाचसहा पावलं तरी. मला ती एकदम समोरच दिसली. तिने काठी बॉनेटवर आपटली. बंद काचेतूनही शब्द नीट ऐकू आले.

“डोळे फुटले का रे तुझे?”

मला तो प्रश्न थेट विचारणारी ती पहिलीच.

परत येताना गाडी विक्रेत्याने चालवली. शोरूममध्ये पोचल्यावर तो पाणी आणायला म्हणून जो गेला तो बराच वेळ आलाच नाही. बायको समोरच्या खुर्चीत बसली.

“ती मला दिसली होती,” ती म्हणाली. “लांबूनच. मी मुद्दाम बोलले नाही.”

“मुद्दाम?” मी विचारलं.

“मघाशी येताना शिडीवाला माणूस आडवा गेला. नर्सबाई काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता तुम्ही ओरडणार. तुम्ही शाब्बास म्हणालात. दोनदा कपाटाच्या दारावर आपटलात, मी म्हटलं वय झालं. ग्लासबाहेर पाणी ओतलंत, म्हटलं लक्ष नाही. आज म्हटलं बघूया. शेवटच्या क्षणाला मी ओरडणारच होते. पण मला वाटत राहिलं, दिसेल. आता दिसेल तुम्हाला.”

“काचबिंदू आहे,” मी म्हटलं.

“कधीपासून?”

“कळून आठ महिने झाले.”

ती रडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर फारच बरं झालं असतं.

“आठ महिने मी फोनवर लोकांना सांगतेय,” ती शेवटी म्हणाली, “घाबरू नका, बिनधास्त या, सर शेजारी असतात.”

विक्रेता पाणी घेऊन आला. “मॅडम, मग... कोणते कागद काढू?”

“कोणतेच नको,” ती म्हणाली आणि उठली.

बाहेर आमची जुनी गाडी उभी होती. मी खिशातून किल्ली काढली. तिने हात पुढे केला.

“घरापर्यंत तरी,” मी म्हटलं. “ओळखीचा रस्ता आहे. हळू नेतो.”

तिने हात तसाच ठेवला. माझं डोकं भणकलं. “मग कोण चालवणार? तू? येते तुला?” मी भर रस्त्यात ओरडलो. ओरडता ओरडताच माझी मला शरम वाटली. ती कितीदा म्हणाली असेल, मलाही शिकवा. मी म्हणायचो, बघू पुढच्या महिन्यात, आधी बाहेरचे तास उरकू दे. एवढ्या वर्षांत तो महिना काही आला नाही.

मी किल्ली तिच्या हातावर ठेवली. ती तिने पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. सोमवारपासूनचे तास रद्द करायला किती फोन करावे लागतील, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आपण आता पोटाला काय करायचं, हेही कुणी बोललं नाही.

बसथांबा रस्त्याच्या पलीकडे होता. कडेला आल्यावर तिने माझं कोपर धरलं. मी झटकलं. एवढं तरी मला येतं. मी उजवीकडे मान वळवून बघितलं, डावीकडे बघितलं, परत उजवीकडे बघितलं. रस्ता अगदी मोकळा दिसत होता. मला तो आता नेहमी मोकळाच दिसणार होता.

ती “चला” म्हणेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.